वाटणीतून राहिलेला पेला

ऑर्व्हिल टीडमनला प्रश्न विचारायची खोड आहे. हे मी त्याच्या तोंडावर कितीदा तरी सांगितलंय, त्यामुळे इथे लिहायला काही हरकत नाही. माझा नवरा जनावरांचा डॉक्टर. एकदा तो अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून बसला होता, घाम टिपायलाही उसंत नव्हती, आणि ऑर्व्हिल शेजारी उकिडवा बसून विचारत होता, "आत गरम लागतं का रे? किती गरम? आंघोळीच्या पाण्याइतकं?" गावात कुणाच्या तरी मयताला गेला, तर अंत्यविधीवाल्याला बाजूला घेऊन म्हणाला, "पेटीला आतून एवढं रेशमी अस्तर कशाला लावता? बघणार कोण?" तो माणूस पेटीचं झाकण पुसायला लागला. मयताची बायको मात्र तोंडावर रुमाल धरून हसली, आणि मग त्या दिवशी पहिल्यांदा जेवली.

मी या गावात नवीन आले तेव्हा मला त्याने विचारलं होतं, तुम्ही दूध तापवता म्हणे, मग सायीचं काय करता? मी सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात पठ्ठ्या तूप कढवून घेऊन आला. करपलेलं होतं, पण तूप होतं.

इथे ऐंशीला टेकलेल्या माणसालाही नावानेच हाक मारतात. पहिली काही वर्षं माझी जीभ अडखळायची, आता सवय झाली आहे. तेव्हा 'तो' लिहिते म्हणून वाचणाऱ्याने राग मानू नये. त्याला स्वतःला राग येत नाही, फक्त कारण विचारेल.

आमचं हॅडली ग्रोव्ह म्हणजे इलिनॉयमधलं, चहूबाजूंनी मका आणि सोयाबीन असलेलं गाव. धान्याचं एक उंच कोठार, दोन चर्च, बँकेची एक शाखा आणि नॅडीनचं रेस्टॉरंट, एवढ्यात गाव संपतं. मी गावची क्लार्क. बोर्डाच्या बैठकीत कोण काय बोललं ते टिपून घ्यायचं आणि मतदानाच्या वेळी नावं पुकारायची, हे माझं काम. बोर्डाच्या अध्यक्षाला मी मनातल्या मनात सरपंच म्हणते, कारण त्याचं सगळं वागणं तसंच आहे, फक्त डोक्यावर फेट्याऐवजी बियाण्याच्या कंपनीची टोपी. ऑर्व्हिल बोर्डाचा सभासद. त्याला लोक दर वेळी निवडून का देतात, हे मी एकदा नॅडीनला विचारलं. ती म्हणाली, "बाहेर ठेवला तर तो घरी येऊन विचारेल गं."

नॅडीनकडे खिडकीजवळ एक गोल टेबल आहे. सकाळी उजाडलं की तिथे म्हातारे जमतात. काहींनी शेती सोडली, काहींना शेतीने सोडलं, पण उठायची वेळ काही सुटली नाही. कॉफी होते, पावसावर बोलणं होतं, मक्याच्या भावाला शिव्या होतात आणि मग पेला निघतो. चामड्याचा जुना पेला, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. आत पाच फासे. हलवायचे, टेबलावर पालथे आपटायचे, पेला उचलायचा. ज्याचं दान सगळ्यात हलकं, त्याने त्या दिवशी सगळ्या टेबलाची कॉफी द्यायची. आजूबाजूच्या सगळ्या गावांत हीच रीत आहे. याला जुगार म्हणावं असं आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पेला टीडमन भावांच्या बापाचा. म्हातारा गेला तेव्हा दोघा भावांनी सगळं वाटून घेतलं. जमीन वाटली, ट्रॅक्टर वाटले, बंदुका वाटल्या, आईचे चांदीचे चमचे मोजून वाटले. पेला तेवढा त्या वेळी रेस्टॉरंटमध्ये टेबलावर होता, म्हणून वाटणीतून राहिला.

थोरला भाऊ लीलंड. त्याच्या वाट्याला घर आणि घरालगतची जमीन आली, ऑर्व्हिलच्या वाट्याला पलीकडची. दोन्हींच्या मध्ये बापाने लावलेल्या अक्रोडांची रांग. मग ऑर्व्हिलच्या कमरेचं हाड गेलं, शेती झेपेना, आणि त्याने आपली जमीन दुसऱ्या तालुक्यातल्या एका बड्या शेतकऱ्याला विकून टाकली. लीलंडला हे कळलं ते कोठारावर, धान्याची गाडी वजनाला लावताना, तिसऱ्याच माणसाच्या तोंडून. नव्या मालकाला मोठी यंत्रं फिरवायची होती, त्याने पुढच्या वसंतात अक्रोडांची रांग मुळासकट उपटली. लीलंडच्या स्वयंपाकघरातून ती रांग दिसायची.

त्या दिवसापासून लीलंड भावाशी एक अक्षर बोलला नाही. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. पण टेबलावरच्या जागाही दोघांनी बदलल्या नाहीत. लीलंड ऑर्व्हिलच्या डाव्या हाताला. ऑर्व्हिल फासे टाकायचा, दान मोजायचा, फासे पेल्यात भरायचा आणि पेला डावीकडे सरकवायचा. लीलंड त्याच्याकडे न बघता तो उचलायचा. सकाळी एकदा, एवढंच. सगळं गाव हे बघायचं आणि बघत नसल्यासारखं करायचं. साऱ्या जगाला प्रश्न विचारणारा ऑर्व्हिल भावाला काहीच विचारायचा नाही. त्या दोघांत तेवढा पेलाच काय तो शिल्लक होता.

आणि मग आली मशीनं.

नदीपलीकडच्या गावाने रेस्टॉरंटांत जुगाराची मशीनं ठेवायला परवानगी दिली होती. पडद्यावर फळं आणि घंटा फिरतात, नोटा आत जातात, क्वचित बाहेर येतात. आमच्या गावात बंदी होती. नॅडीनने अर्ज केला, बंदी उठवा. पहिल्या बैठकीला ती स्वयंपाकघरातून थेट आली, एप्रनवर ग्रेव्हीचा डाग तसाच.

"मला काही श्रीमंत व्हायचं नाहीये," ती म्हणाली. "शुक्रवारचं मासे खायला येणारं गिऱ्हाईक नदीपलीकडे गेलं. तिकडे मशीनच्या पैशावर तळलेले मासे अर्ध्या भावात देतात. मी उन्हाळ्यापर्यंत ओढेन. पुढे नाही. आधीच सांगून ठेवते, नंतर कुणी डोळे पुसत येऊ नका."

बोर्डातली बेव्ह, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती, ताडकन म्हणाली, "आणि मशीनं ठेवणार कुठे? मागच्या खोलीत ना? माझ्या आईच्या मयताचं जेवण त्या खोलीत झालं, नॅडीन. तूच हॅमचे सँडविच केले होतेस."

"तुझ्या आईला मशीनं आवडली असती, बेव्ह. चर्चच्या बिंगोला सगळ्यांत आधी येऊन खुर्ची कोण पकडायचं?"

सगळे हसले, बेव्हसुद्धा, पण तिचं मत हललं नाही. सभासदांपैकी एक नेहमीप्रमाणे थंडी चुकवायला फ्लोरिडाला गेलेला. राहिलेल्या पाचांत दोन इकडे, दोन तिकडे, आणि पाचवा ऑर्व्हिल. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"मी अजून मशीन पाहिलेलंच नाही," ऑर्व्हिल म्हणाला. "न बघता मत कसं देऊ?"

सरपंचांनी कपाळाला हात लावला आणि विषय पुढच्या बैठकीवर टाकला.

दुसऱ्या दिवशी ऑर्व्हिलचा जुना ट्रक माझ्या दारात. "मिला, येतेस का? एकट्याने गेलो तर लोक म्हणतील म्हातारा जुगार खेळायला चालला." माझं नाव प्रमिला, पण इथे त्यातलं 'मिला' तेवढंच टिकलं. मी कोट चढवला. खरं सांगायचं तर मलाही उत्सुकता होतीच, त्याच्या आडून माझीही भागत होती.

नदीपलीकडच्या त्या रेस्टॉरंटात पुढे जेवायची टेबलं, त्यांवर कागदी चटया, सगळं आपल्यासारखंच. मागे कमरेएवढी भिंत घातलेली, तिच्याआड अंधूक खोलीत सहा मशीनं. दुपारची वेळ, तरी चार खुर्च्या भरलेल्या. ऑर्व्हिल आधी मशीनच्या मागे जाऊन वायरी बघून आला. मग समोर बसला, एक नोट आत घातली, बटण दाबलं. फळं फिरली. पुन्हा दाबलं. एकदम घंटा वाजल्या, दिवे लागले, आणि म्हातारा दचकून उभा राहिला.

"काय केलं मी?"

"जिंकलास," मी म्हटलं.

"कसा?"

त्याने पडदा नीट न्याहाळला, मग शेजारच्या खुर्चीतल्या बाईकडे वळला. वृद्धाश्रमात काम करणाऱ्या बायांचा असतो तसा फिकट निळा पोशाख, पायांत पांढरे बूट, कामाची पाळी संपवून थेट आलेली दिसत होती.

"बाई, कसा जिंकलो मी?"

"माहीत नाही," ती म्हणाली. मान वळवली नाही.

"खेळताना तू काय विचार करतेस?"

मला वाटलं, ती आता उठून जाईल किंवा चार शब्द सुनावेल. पण तिने बटण दाबत दाबत शांतपणे सांगितलं, "काहीच नाही. म्हणून तर येते."

ऑर्व्हिल तिच्याजवळ आणखी थोडा वेळ उभा राहिला. मग जिंकलेले पैसे त्याने काउंटरवरच्या मदतपेटीत टाकले. कुणाच्या तरी आजारी मुलासाठी ठेवलेली होती ती.

परत येताना पुलापर्यंत तो गप्प होता. हे इतकं आक्रीत होतं की मीच विचारलं, काय झालं?

"तिथे कुणी कुणाला काही देत नाही, बघितलंस?" तो म्हणाला. "चार माणसं शेजारी शेजारी बसलीत, पण एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात काही जात नाही."

"मग नाही म्हण."

"नाही म्हटलं तर नॅडीन बंद करणार. नॅडीन बंद झाली तर टेबल कुठे राहिलं?" आणि जरा वेळाने म्हणाला, "शिवाय त्या बाईला कुठेतरी बसायला हवंच ना. घरी तिच्या डोक्यात काय चालत असेल कुणास ठाऊक. तिला विचारायला हवं होतं."

"पुरे," मी म्हटलं.

पुढच्या बैठकीला सभागृह भरलं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून अग्निशामक दलाच्या खोलीतून आणल्या. नॅडीन भिंतीला टेकून उभी होती. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, लीलंड. तो बोर्डाच्या बैठकीला कधी येत नसे. टोपी मांडीवर ठेवून बसला होता.

चर्चा झाली, बेव्ह बोलली, नॅडीन बोलली, सगळं पहिल्यासारखंच. सरपंच म्हणाले, "मत घेऊ या?" आणि माझ्याकडे बघितलं. मी पहिलं नाव पुकारायला तोंड उघडलं तोच ऑर्व्हिलचा हात वर.

"वकीलसाहेबांना एकच विचारायचं होतं."

सभागृहातून एक लांब सुस्कारा निघाला.

"मशीनं आली," ऑर्व्हिल म्हणाला, "तर सकाळचे आमचे फासे चालतात ना?"

गावचा वकील तरुण होता, तालुक्याच्या गावाहून यायचा. त्याने समोरचे कागद खाली-वर केले. माणूस भला होता, कुणालाही दुखवायला त्याला आवडत नसे. तो म्हणाला, "ऑर्व्हिल, तू हे मला बाहेर, गाडीपाशी विचारलं असतंस तर बरं झालं असतं."

"का?"

"कारण इथे सगळं टिपलं जातंय. परवाना मिळालेल्या जागेत दुसरा कुठलाही जुगार चालत नाही. तपासणीला माणूस येतो. फासे टाकून कुणी काही द्यायचं, मग ती कॉफी का असेना... आता तू विचारलंसच म्हणून सांगतो. नाही चालत. पेला दिसला तर नॅडीनचा परवाना जाईल."

माझा हात कागदावर थांबला. मी सरपंचांकडे पाहिलं, की हे टिपू की नको. त्यांनी मान हलवली. टिपलं.

गोल टेबलावरच्या म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "अरे ऑर्व्हिल, तोंडाला बूच मारून बसता येत नाही का तुला?" एरवी यावर हशा पिकला असता. या वेळी कुणी हसलं नाही. ऑर्व्हिल खुर्चीतल्या खुर्चीत वळला आणि त्याने शेवटच्या रांगेकडे पाहिलं. लीलंड मांडीवरच्या टोपीकडे बघत होता.

मी नावं पुकारली. दोन हो, दोन नाही. टीडमन हे आडनाव यादीत शेवटी येतं.

"टीडमन?"

मी पुन्हा पुकारलं. नॅडीन भिंतीपासून सुटून सरळ उभी राहिली होती. मला तो कसं मत देईल याची इतके दिवस नुसती उत्सुकता होती, पण त्या क्षणी मला त्याची दया आली. 'नाही' म्हणावं तर उन्हाळ्यात टेबल जाणार. 'हो' म्हणावं तर टेबल राहणार आणि पेला जाणार.

"हो," ऑर्व्हिल म्हणाला.

लीलंडने टोपी घातली, दार उघडलं आणि निघून गेला. बाहेरची थंडी आत आली.

सगळे पांगल्यावर मी ऑर्व्हिलला कोटाच्या खुंट्यांपाशी गाठलं. मी चिडले होते. "खाजवून खरूज काढलीस," मी म्हटलं. "कुणाला पत्ता नव्हता. कोण येणार होतं तुमचा पेला तपासायला? विचारायची काय गरज होती?"

"मला वाटलं तो 'चालतं' म्हणेल," ऑर्व्हिल म्हणाला. त्याला कोटाची बाही सापडत नव्हती. "लीलंड आला होता ना. मला वाटलं, त्याच्यासमोर वकिलाने एकदा 'चालतं' म्हटलं की त्याच्या जिवाला घोर राहणार नाही."

"मग हे त्यालाच आधी विचारायचं होतंस. पेला दोघांचा आहे."

हे मी रागात बोलून गेले. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप त्याची बाही धरली आणि त्याचा हात आत घातला.

मार्चच्या सुरुवातीला मशीनं आली. नॅडीनने मागच्या खोलीला कमरेएवढी भिंत घातली. तपासणीच्या आदल्या दिवशी ती पेला वर्तमानपत्रात गुंडाळून सभागृहात घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "माझ्याच्याने फेकवत नाही आणि ठेवताही येत नाही. तुम्ही बघा." सरपंच जरा विचारात पडले. मग बोर्डाने रीतसर ठराव केला की सदर पेला गावाच्या मालकीचा समजून दर्शनी भागातल्या काचेच्या कपाटात ठेवावा. त्या कपाटात शाळेच्या फुटबॉल संघाचा चेंडू आहे, गावाच्या शंभरीची बशी आहे, आणि एक पेंढा भरलेलं घुबड आहे, ते कुणाचं हे कुणालाच माहीत नाही. ठरावाला सगळ्यांनी 'हो' म्हटलं. ऑर्व्हिलनेही म्हटलं, पण मला ते ऐकू आलं नाही, मी त्याच्या ओठांवरून टिपलं.

नॅडीनचं बरं चाललं. शुक्रवारी पुन्हा माणसं दिसू लागली. मागच्या खोलीतून अधूनमधून घंटा वाजायच्या, बेव्ह तिथे जेवायला यायची ती त्या बाजूला पाठ करून बसायची. पण सकाळचं टेबल बिघडलं. कॉफी पिऊन झाली की कुणाला काय करावं ते कळेना. नॅडीन प्रत्येकाच्या बिलाचा वेगळा कागद ठेवायची आणि प्रत्येक जण आपापला कागद उचलायचा. माणसं टेबलावरून लवकर उठायला लागली.

ऑर्व्हिलच्या डावीकडची खुर्ची रिकामी. पहिल्या दिवशी वाटलं, लीलंडला सर्दी झाली असेल. मग आठवडा गेला. ऑर्व्हिल पोस्टातल्या बाईला विचारी, लीलंड टपाल न्यायला येतो का? कोठारावर विचारी, लीलंड दिसला का? माझ्या नवऱ्याला विचारी, लीलंडचा कुत्रा बरा आहे ना? फक्त लीलंडला विचारत नव्हता.

एके दिवशी सकाळी मी सभागृहाचं कुलूप उघडत होते तर हा पायरीवर उभा. दाढी केलेली, रविवारचा कोट.

"मिला, तो पेला मला तासभर हवाय."

"ठराव झालाय, ऑर्व्हिल. गावची मालमत्ता आहे. अशी बाहेर देता येत नाही."

"मग कशी देता येते?"

आली का पंचाईत! मी कपाटाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "माझ्या ताब्यात देता येते," मी म्हटलं. "क्लार्क सोबत असेल तर पेला बाहेर जाऊ शकतो, असं मला वाटतं. नक्की माहीत नाही. वकिलाला विचारू का?"

"नको!" ऑर्व्हिल इतक्या जोरात म्हणाला की आम्ही दोघंही हसलो.

लीलंडच्या घराकडे जाणारा रस्ता बर्फ वितळून चिखलाचा झाला होता. वळणावर जिथे अक्रोडांची रांग सुरू व्हायची तिथे आता सपाट काळं शेत आहे. तिथून जाताना त्याने गाडी हळू केली, पण तिकडे बघितलं नाही.

लीलंडने दार उघडलं, तेही अर्धंच. मागून कुत्रा भुंकत होता. लीलंड बारीक झाल्यासारखा दिसला. ऑर्व्हिल पायरीवर टोपी हातात घेऊन उभा राहिला. एवढ्या वर्षांत या माणसाला प्रश्न शोधताना मी कधी पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं.

"लीलंड," तो म्हणाला, "आत येऊ का?"

लीलंड त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर माझ्यावर आली. "हिला कशाला आणलीस?"

"पेला गावचा झालाय. त्याच्यासोबत क्लार्क लागते."

"कुठला पेला?"

ऑर्व्हिलने तो कोटाच्या खिशातून काढून दाखवला. आत फासे खुळखुळले. कुत्रा गप्प झाला.

"आत या आणि दार लावा," लीलंड म्हणाला. "मी गॅसचे पैसे घर गरम करायला भरतो, अंगण नाही."

स्वयंपाकघरात एका माणसाचा संसार होता. एक कप, एक ताटली, औषधाच्या डब्या, मेणकापड पसरलेलं टेबल. दोघं बसले. लीलंड सवयीने ऑर्व्हिलच्या डावीकडेच बसला, आणि मग ते ध्यानात येऊन खिडकीबाहेर बघू लागला. मी मोरीपाशी उभी राहिले. मी तिथे असायला नको होतं हे मला कळत होतं, आणि मला तिथून कुणी हलवलं असतं तर मी हललेही नसते.

ऑर्व्हिलने पेला समोर ठेवला, पण फासे टाकले नाहीत.

"एक विचारू?"

"तू कधीपासून विचारायच्या आधी विचारायला लागलास?"

"जमीन विकायच्या आधी मी तुला विचारलं असतं," ऑर्व्हिल म्हणाला, "तर तू घेतली असतीस का?"

लीलंडने मेणकापडावरचा एक कण बोटाने उचलला आणि ताटलीच्या कडेला ठेवला.

"नसती घेतली," तो म्हणाला. "पैसे कुठे होते माझ्याकडे?" त्याने ताटली बाजूला सारली. "पण विचारायचं असतं रे."

"हो," ऑर्व्हिल म्हणाला.

चुकलं माझं, असं तो म्हणाला नाही. इथली माणसं तसं म्हणत नाहीत. एवढी वर्षं तो आधी फासे टाकायचा आणि मग पेला भावाकडे द्यायचा. त्या दिवशी त्याने फासे न टाकताच पेला डावीकडे सरकवला.

"आधी तू."

लीलंडने पेला हातात घेतला. त्याची गुळगुळीत कड अंगठ्याने चाचपली, बाप चाचपत असेल तशी. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "जुगार आहे म्हणे हा. क्लार्कसमोर चालेल का?"

मी नळाकडे तोंड फिरवलं. "मला काही दिसत नाहीये," मी म्हटलं, आणि ते खरं होतं, माझे डोळे भरून आले होते. मागे पेला टेबलावर आपटला.

लीलंडचं दान हलकं पडलं. कॉफी त्याला करावी लागली. अशी भयंकर कॉफी मी जन्मात प्यायले नाही, आणि आम्ही तिघं दोन-दोन कप प्यायलो.

आता लीलंड पुन्हा टेबलावर येतो. तिथे दोघांनी आपापला कागद उचलला की ऑर्व्हिलचा ट्रक लीलंडच्या गाडीमागून त्या चिखलाच्या रस्त्याला लागतो. काचेच्या कपाटात चेंडू आणि घुबड यांच्यामध्ये एक गोल जागा रिकामी आहे. तिच्याभोवती धूळ बसते, मी मुद्दाम पुसत नाही. दर महिन्याला बोर्डाची बैठक होते, सगळे त्या कपाटासमोरून आत जातात, आणि पेला कुठे गेला असं अजून कुणी विचारलेलं नाही. ऑर्व्हिलनेही नाही.